ताई येतील तेव्हा सांगू

"ताई, फोनवर बोलताना तुम्ही मान का हलवता?"

ताईंच्या दोन्ही कानांवर हेडफोन होता, त्यामुळे साहेबांचं बोलणं त्यांना नुसतं दिसलं. त्यांनी एक कान मोकळा केला. "काय म्हणालात?"

"समोरचा 'हो' म्हणाला की तुम्ही मान हलवता. 'नको' म्हणाला की आडवी हलवता. त्याला दिसत नाही ना ते." साहेब हसत होते. "मान धरेल उगाच."

शेजारच्या टेबलांवरची पोरंपोरी हसली. ताईही हसल्या. "सवय हो. इतकी वर्षं माणसं समोर असायची. आता मानेला कुणी समजवायचं?"

साहेब तसे भले होते. ताईंच्या मुलीपेक्षा एखाददुसऱ्या वर्षानं मोठे असतील. कंपनीनं फिरती बंद केली तेव्हा बाकीच्या विक्रेत्यांना घरी पाठवलं, पण ताईंना मात्र साहेबांनी भांडून ऑफिसात खुर्ची मिळवून दिली होती. "लोक तुम्हाला ओळखतात," असं ते म्हणाले होते.

ओळखत होतेच. चष्म्याच्या फ्रेमांची नमुन्यांची पेटी घेऊन ताई तरुणपणापासून नदीकाठच्या गावांतून फिरल्या होत्या. एका बसमधून उतरायचं, गावातल्या चष्म्याच्या दुकानात जायचं, काउंटरवर मखमलीचे ट्रे मांडायचे, ऑर्डर घ्यायची आणि पुढची बस पकडायची. सगळ्या दुकानांतून त्यांना एकच नाव होतं, फ्रेमवाल्या ताई. आता दुकानदारांच्या फोनवर कंपनीचं कॅटलॉग आलं होतं. बोटानं फ्रेम निवडायची, की माल परवा दारात. ताईंनी ऑफिसात बसून प्रत्येकाला महिन्यातून एकदा फोन करायचा, काही अडचण आहे का विचारायचं आणि उत्तर संगणकात भरायचं.

खोटं कशाला बोला, नवी पद्धत चांगली होती. पूर्वी एखादी फ्रेम संपली की दुकानदाराला ताईंच्या पुढच्या फेरीची वाट बघावी लागे. आणि ताईंचे गुडघेही बसच्या पायऱ्यांना कंटाळले होते. पहिल्या महिन्यात त्या घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "अहो, पंख्याखाली बसून पगार मिळतो म्हणजे काय, ते आत्ता कळलं मला."

नंतर नंतर त्या असं काही म्हणेनाशा झाल्या.

फोनवर सगळेच चांगले बोलत. पण फोनवर माणूस विचारलेल्याचंच उत्तर देतो. ताई विचारत, "माल वेळेवर येतो ना?" तो म्हणे, "येतो." मग दोन्हीकडे जरा गप्प. पूर्वी ताईंना काही विचारावंच लागत नसे. दुकानात पाऊल टाकलं की अर्धं कळे. काचेवर धूळ आहे की नाही, मालक उठून उभा राहतो की बसल्या बसल्याच 'या' म्हणतो, पाण्याचा पेला कोण आणतं. उरलेलं ट्रे मांडता मांडता समजे.

त्या दिवशी दुपारी त्यांनी फाटकवाल्या काकांना फोन लावला.

"काका, मी ताई बोलतेय. कसे आहात?"

"बराय."

"यंदा नवे रंग आलेत. काकूंना दाखवलेत का?"

पलीकडे गाडीची शिट्टी ऐकू आली. काकांचं दुकान रेल्वेच्या फाटकाला लागूनच होतं. गाडी जाईपर्यंत दोघंही थांबली.

"सध्या नको काही," काका म्हणाले. "माल पडून आहे."

"बरं. काकू कुठायत? द्या की जरा."

"आत आहे ती."

"झोपल्यात का?"

"हो. ठेवतो मग?"

मागच्या महिन्यातही काकू आतच होत्या. त्याच्या मागच्या महिन्यातही. ताईंनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. दुकानाच्या नावापुढचा हिरवा ठिपका केव्हाच राखाडी झाला होता.

"राखाडी म्हणजे काय हो साहेब?"

"म्हणजे गिऱ्हाईक झोपलंय. बरेच दिवस ऑर्डर आली नाही की आपोआप होतं ते. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर खातं बंद करू." साहेबांनी नाव वाचलं. "छोटंच दुकान दिसतंय. जाऊ द्या, ताई."

ताईंनी मान हलवली. पण ते त्यांना जाऊ देता येईना.

त्या दुकानात ताई पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांना तिथं जायचंच नव्हतं. नोकरी नवीन होती. फाटकापलीकडच्या बाजारात एक मोठं दुकान होतं आणि तिथल्या मालकानं सकाळची वेळ दिली होती. ताई पोहोचल्या आणि फाटक पडलं. मालगाडी यायची होती. उन्हात पेटी धरून उभ्या असताना शेजारच्या बारक्या दुकानातून एक बाई ओरडली, "अगं ए, फाटक उघडायला वेळ आहे. आत ये. पेटी वितळेल तुझी."

त्या काकू. आत गेल्यावर त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "उघड बघू. काय विकतेस?" चष्म्याच्या फ्रेमा बघून त्या इतक्या हसल्या, की आत कुणाचे तरी डोळे तपासत बसलेले काका बाहेर आले. "अहो, देवानं दारात पाठवलीय हिला. आपण चष्मेवालेच आहोत गं बाई, पाटी वाचली नाहीस का?" ताईंनी पाटी वाचली नव्हती. त्यांचं सगळं लक्ष फाटकाकडे होतं.

काकूंनी पेटीतली प्रत्येक फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवून पाहिली. काका डोळे तपासत, पण माल निवडायच्या काकू. त्यांचं गणित सोपं होतं. "माझ्या नाकावर बसली तर गावाच्या नाकावर बसेल." त्यांचं नाक जरा बसकंच होतं आणि त्यावरून त्या स्वतःच विनोद करत. त्या दिवशी फाटक केव्हा उघडलं आणि पुन्हा केव्हा पडलं, ते ताईंना कळलंच नाही. बाजारातल्या मालकाची वेळ टळली. तो पुढे कधीच गिऱ्हाईक झाला नाही. काकू मात्र झाल्या.

प्रत्येक फेरीत ताई दुपारी तिथं जेवत. काकू ताट वाढत आणि एकीकडे पुढच्या गावांची चौकशी करत. पुढच्या गावात दोघी बहिणी दुकान चालवत होत्या. वडील अचानक गेले तेव्हा नातेवाइकांनी त्यांना दुकान विकून टाका म्हणून भंडावून सोडलं होतं. बायकांकडे चष्मा करायला कोण येणार, असं सगळ्यांचं म्हणणं. ताईंनी हे सहज सांगितलं, तर काकूंचा घास हातातच राहिला. "त्यांना जाऊन सांग, वर्षभर कुणी येणार नाही. मग एक म्हातारी येईल. तिचा चष्मा नीट करून द्या, पाठोपाठ सगळं गाव येईल." आणि पुढच्या वेळी त्यांनी ताईंच्या पेटीत बारीक स्क्रूंची एक पुडी टाकली. "माझ्याकडून दे. सुरुवातीला हेच कमी पडतात."

दोघी बहिणींचं दुकान टिकलं. पण त्यांनी काकूंना कधी पाहिलं नाही, आणि काकूंनी त्यांना. दोन गावांमध्ये बसनं तासाभराचं अंतर होतं, पण दुकान सोडून जायचं कुणी? निरोप मात्र ताईंबरोबर जात-येत राहिले. कुणाचं काच घासायचं मशीन विकायचंय, कुणाला कारागीर हवाय, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं. ताईंच्या पेटीत फ्रेमांच्या खाली गावंच्या गावं असत. कंपनीला त्याची कल्पना नव्हती. ताईंनाही वाटलं नव्हतं, की हेसुद्धा काम आहे.

एक गोष्ट त्या फार जपून नेत. काकांकडे एक कारागीर होता. हात असा, की चष्म्याची तुटलेली काडी जोडली तर सांधा दिसू नये. काकूंनी त्याला घरच्यासारखं ठेवलं होतं. तो एक दिवस दुकान सोडून गेला आणि दुसऱ्या गावात बसस्टँडसमोर त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. काकांना ते फार लागलं. त्यांच्यासमोर त्याचं नाव काढायची सोय उरली नाही. पण काका आत डोळे तपासत असले की काकू हळूच विचारत, "जेवतो का गं वेळेवर?" आणि तिकडे कारागीर मशीनवरून मान न उचलता विचारे, "काकूंचे पाय दुखायचे थांबले का?" ताई दोन्हीकडे सांगत, दोन्हीकडे गप्प राहत.

घरी त्या रात्रीच्या जेवणाला बसल्या तेव्हा नवरा म्हणाला, "आज भाताशी काय भांडण आहे?"

नवरा पाणीखात्यात मीटर तपासायला होता. जन्मभर दारोदार हिंडलेला माणूस. ताईंनी त्याला काकांच्या फोनचं सांगितलं.

"दर वेळी म्हणतात, आत आहे. काकू? आणि आत? अहो, त्या बाईला आत बसलेली मी कधी बघितली नाही. दुकान उघडं असताना त्या काउंटर सोडायच्या नाहीत."

"मग जाऊन ये."

"कंपनी पाठवत नाही आता."

"कंपनी नाही पाठवत, मी पाठवतो. सुट्ट्या काय मुरवत ठेवायच्यात तुला?"

साहेबांनी सुट्टी दिली. कारण ऐकून ते जरा गोंधळले. "ताई, फोन करून विचारा की."

"विचारलं हो. फोनवर सगळं बरंच असतं."

फाटकाजवळच्या थांब्यावर ताई उतरल्या. हातात पेटी नव्हती आणि त्यामुळे चाल एका बाजूला कलल्यासारखी वाटत होती. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. वाकूनच आत जावं लागलं.

काका काउंटरमागे बसले होते. काकूंच्या स्टुलावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. काचेच्या कपाटातल्या फ्रेमा गेल्या वर्षीच्याच होत्या. ताईंनी स्वतः आणून दिलेल्या. कुणी हलवल्याही नव्हत्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आलात?"

"आले."

"बसा." त्यांनी गठ्ठा उचलून खाली ठेवला, आणि रिकामं झालेलं स्टूल त्यांच्या एकदम लक्षात आलं असावं. हात तसाच त्यावर राहिला. "ती गेली, ताई. थंडीत. दोन दिवस ताप आला आणि गेली."

ताईंना ते फोन ठेवला त्याच दिवशी मनातून कळलं होतं. त्या त्याच स्टुलावर बसल्या.

"काका, मी दर महिन्याला विचारत होते हो."

"विचारत होता." काका काउंटरवरची काच बोटानं पुसत होते. "फोनवर काय सांगणार? फ्रेमा नकोत, आणि ती गेली, असं? तुम्ही तिकडे लिहून घेणार. मनात म्हटलं, ताई येतील तेव्हा सांगू. समोर बसतील, पाणी पितील, मग सांगू." त्यांनी काचेवरचं बोट उचललं. "तुम्ही येतच नव्हता."

बाहेर घंटा वाजायला लागली. फाटक पडलं. गाडी जवळ आली तशी सगळी कपाटं थरथरू लागली आणि अडकवलेल्या फ्रेमा एकमेकींवर किणकिणल्या. पूर्वी गाडी आली की काकू बोलता बोलता काचेच्या फळीवर तळहात दाबून धरत आणि गाडी गेली की काढून घेत. बोलणं मध्ये तुटत नसे. आता एक फ्रेम घसरून खाली पडली. काकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. खाली आणखी दोन-तीन पडलेल्या होत्या.

ताई उठल्या आणि त्यांनी फळीवर हात दाबून धरला. गाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, काकांकडे पाठ करून. डोळे पुसायला दुसरा हात मोकळा होता.

दुपारी काकांनी स्वतः चहा केला. साखर विसरले होते. ताई तसाच प्यायल्या. हळूहळू कळत गेलं ते असं, की मुलगी लांबच्या शहरात आहे, ती 'इकडे या' म्हणून मागे लागलीय, काकांना तिथं करमणार नाही, पण इथंही दिवस सरत नाही. गिऱ्हाईक येतं, काकू कुठायत विचारतं, ऐकून हळहळतं आणि पुन्हा येत नाही. महिनाअखेर दुकान सोडायचं ठरलंय. मोबाइल दुरुस्तीवाला जागा घेतोय. सामान भंगारवाल्याला सांगितलंय.

"भंगारवाल्याला? मशीनसुद्धा?"

"मग कोण नेणार? मला इथं कोण ओळखतं? बाजारात मी जात नाही. माणसं ती जोडायची."

निघताना ताईंनी विचारलं, "कुठल्या दिवशी सोडताय?" काकांनी दिवस सांगितला. दारापर्यंत आले. शटरखालून वाकून बाहेर पडताना ताईंना मागून त्यांचं बोलणं ऐकू आलं, "बरं झालं आलात. एकदा तरी नीट सांगून झालं."

ताईंनी घरची बस धरली नाही. त्या पुढच्या गावाला गेल्या. ही बातमी फोनवर सांगायची नाही, एवढं त्यांचं ठरलं होतं.

दोघी बहिणींपैकी थोरली बडबडी आणि धाकटी अबोल. ताईंना दारात पाहून थोरली आनंदानं ओरडली आणि चेहरा पाहून गप्प झाली. ऐकल्यावर ती खुर्चीत बसून सरळ रडली. धाकटी आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती विचारत, "कुठल्या दिवशी रिकामं करतायत?"

तिथून ताई कोटवाल्यांकडे गेल्या. हे गृहस्थ दुकानात पांढरा कोट घालून बसत, त्यामुळे अर्धं गाव त्यांना डॉक्टर समजे आणि तेही कुणाचा गैरसमज दूर करत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकदा त्यांच्या दुकानाला आग लागली होती, तेव्हा काकांनी ताईंच्या सांगण्यावरून त्यांना डोळे तपासायची भिंगांची पेटी धाडली होती. बसच्या टपावरून. "परत केली तेव्हा मी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही हो," कोटवाले म्हणाले. "म्हटलं, जाऊ कधीतरी स्वतः."

कारागीर शेवटचा. त्यानं मशीन बंद केलं. चाक फिरायचं थांबेपर्यंत तो त्याच्याकडेच बघत होता.

"मला कुणी सांगितलं नाही."

"मलाही नाही."

"पाय दुखतात म्हणायच्या..." त्यानं मशीनवरचा काचेचा भुगा हातानं पुसला. मग म्हणाला, "मी नाही येणार, ताई. काका तोंड फिरवतील."

"फिरवू देत. ते तोंड बघायला तरी मिळेल."

ठरल्या दिवशी ताई सकाळच्या बसनं फाटकाजवळ उतरल्या, तर दुकानापुढे थोरली बहीण आधीच उभी होती आणि शटर पूर्ण वर गेलेलं होतं. आत धाकटी बाह्या सरसावून कपाटं पुसत होती. काका मध्ये उभे होते, आपल्याच दुकानात पाहुण्यासारखे.

"यांना तुम्ही पाठवलंत?" त्यांनी विचारलं.

"मी फक्त सांगितलं."

"ही थोरली म्हणते, स्क्रूंची पुडी अजून आहे त्यांच्याकडे."

"आहेच," धाकटी म्हणाली. त्या दिवशीचं तिचं ते पहिलं वाक्य होतं. "रिकामी आहे. पण आहे."

कोटवाले आले ते कोट घालूनच. थोरलीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच ना ते? आरशापुढे उभं राहून भाषणाची तयारी करता ते?"

कोटवाल्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई घाईघाईनं खोक्याला दोरी बांधू लागल्या.

"आणि तुमच्याच ट्रेमध्ये मांजरीनं पिल्लं घातली होती ना?" कोटवाले म्हणाले. "नंतर कितीतरी दिवस गिऱ्हाइकं फ्रेमा सोडून पिल्लंच मागत होती."

"अगं बाई, हेही सांगितलंत?"

काका एकेकाकडे बघत होते. या माणसांना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाचा पाय मोडला होता, कुणाचा मुलगा परीक्षेत कितव्यांदा बसला, हे सगळं त्यांना माहीत होतं. जेवताना काकूंच्या तोंडून ऐकलेलं. ते कोटवाल्यांना म्हणाले, "मुलगा शेवटी पास झाला का हो?" आणि कोटवाल्यांनी कौतुकानं मान डोलावली तेव्हा काकांनीच कितीतरी दिवसांनी मोठा श्वास सोडला.

कारागीर केव्हा आला ते कुणाला कळलं नाही. ताईंना तो दिसला तेव्हा तो आतल्या खोलीच्या दारात उभा होता. काकांची त्याच्याकडे पाठ होती. तेवढ्यात एक म्हातारी फाटक ओलांडून आली. दुकान बंद होतंय हे तिला ठाऊक नव्हतं. हातात मोडलेला चष्मा. काडी बिजागरीशी तुटली होती. काका म्हणाले, "आजी, आता दुकान..."

कारागिरानं पुढे होऊन चष्मा घेतला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. त्यानं कोपऱ्यातला खण उघडला. पक्कड अजून त्याच खणात होती. तो खिडकीपाशी, पूर्वीच्या जागी, बसला आणि काम करू लागला. काका त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"डावी काडी ढिली ठेव," ते म्हणाले. "आजींचा कान जरा पुढे आहे."

"हो," कारागीर म्हणाला. मान वर न करता. त्याचे कान लाल झाले होते.

म्हातारी चष्मा घालून गेली. काकांनी घसा साफ केला. "या मशीनचा पट्टा तूच बदलला होतास ना शेवटचा?"

"हो."

"मग तूच ने. भंगारवाल्याला काय कळतंय त्यातलं."

ताई कपबशा घेऊन मागच्या नळावर गेल्या. एवढ्या माणसांना पुरतील इतके कप दुकानात नव्हते, म्हणून चहा दोन वेळा करावा लागला होता. कप विसळता विसळता आतून आवाज येत होते. पूर्वी असे आवाज त्या एकेक करून ऐकत, दोन आवाजांच्या मध्ये तासभराचा बसचा प्रवास असे. आता ते सगळे एकाच खोलीत एकमेकांवर आदळत होते.

त्या परत आल्या तेव्हा काहीतरी ठरलेलं होतं.

"आमच्याकडे डोळे तपासायला जो येतो, तो आला तर येतो," थोरली सांगत होती. "आठवड्यातले दोन दिवस काका आमच्याकडे बसतील."

"आणि एक वार मला," कोटवाले म्हणाले. "मी आधी बोललो."

"तुम्ही कुठे आधी बोललात? मी बोलले, मग तुम्हाला सुचलं."

"अरे, मी काय भाड्याची खुर्ची आहे का?" काका म्हणाले, आणि हसले. जरा चाचरत, वापरात नसलेल्या गोष्टीसारखं. धाकटीनं भिंगांची पेटी फडक्यानं पुसली आणि काकांच्या पुढ्यात ठेवली. "ही तुमच्याबरोबरच राहू दे. आमच्याकडे आहे, पण सवयीची बरी."

कुणी ताईंकडे वळून त्यांना विचारलं नाही, की हे कसं वाटतं. विचारायचं कारणही नव्हतं. सगळं त्यांच्यासमोर, त्यांच्याशिवाय, आपोआप जुळलं होतं. ताई कप पुसत उभ्या राहिल्या. त्यांना वाईट वाटत होतं की बरं, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. काकू असत्या तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं.

संध्याकाळी मोबाइलवाला किल्ली घेऊन गेला. सामान टेम्पोत चढलं आणि कारागीर त्याबरोबर पुढे बसून निघाला. निघण्यापूर्वी त्यानं खाली उतरून काकांना वाकून नमस्कार केला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात लवकर उचलला नाही. मग बाकीचे चालत बसथांब्यावर आले.

दोघी बहिणींची बस आधी आली. थोरली खिडकीतून बोलतच होती, गाडी सुटली तरी तिचे ओठ हलताना दिसत होते. मग कोटवाले गेले. पायरीवर उभं राहून त्यांनी काकांना त्यांचा वार पुन्हा एकदा सांगितला. काकांना आता घरापर्यंत चालतच जायचं होतं, पण ते बाकावर बसून राहिले.

इतकी वर्षं या थांब्यावरून निघून जाणारं माणूस ताई असत आणि मागे उभे राहणारे दुसरे. आज त्यांनी सगळ्यांना हात केला. रस्ता मोकळा झाला. फाटकापलीकडे दिवे लागत होते.

"तुमची बस कुठली?" काकांनी विचारलं.

"गेली मघाशी."

"मग?"

"दुसरी येईल," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी बसल्या.